मा रेनीच्या तबकड्या पुन्हा ऐकताना

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानप्रकारातली गायिका मा रेनी हिने १९२३ ते १९२८ या काळात पॅरामाउंट या तबकड्यांच्या कंपनीसाठी नव्वदहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि तिच्याविषयी आज कानांनी पडताळून पाहता येते ते एवढेच. डॉक्युमेंट कंपनीने ती कालक्रमाने पुन्हा प्रकाशित केली आणि जेएसपी या दुसऱ्या कंपनीने पाच सीडींचा संच काढला. सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, त्या वेळात मी हे सारे ओळीने ऐकून काढले; आणि माझे मत असे झाले की या बाईला ‘विक्षिप्त’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी तिचे गाणे फारसे मनावर घेतलेले नाही.

विक्षिप्तपणाचे पुरावे भरपूर आहेत, हे खरे. तोंडात सोन्याचे दात, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ, हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा. रंगमंचावर माणूस मावेल एवढा ग्रामोफोन उभा केलेला असे. एक मुलगी येऊन त्यावर भली मोठी तबकडी चढवी, आत दडलेली मा रेनी ‘मूनशाइन ब्लूज’ गाऊ लागे आणि मग कपाटाचे दार उघडून झगमगाटात बाहेर पडे. तिच्या वाद्यवृंदाचा प्रमुख आणि पियानोवादक टॉमस डॉर्सी, जो पुढे गॉस्पेल या ख्रिस्ती भक्तिसंगीताचा जनक म्हणून ओळखला गेला, त्याने या प्रवेशाचे वर्णन करून ठेवले आहे. परंतु ज्यांनी कनातीतला तमाशा पाहिला आहे, त्यांना यात वेडेपणा दिसणार नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचा हंगाम संपून मजुरांच्या हाती पैसा आला की असे तंबू गावोगावी पडत, आणि मा रेनी ही तिथली फडमालकीणच होती. ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर दिसणे आणि ऐकू जाणे या दोन्ही गोष्टी ठसठशीतच असाव्या लागतात.

आमच्या ओळखीचे एक ढोलकीवादक मोडनिंबच्या कलाकेंद्रांत वर्षानुवर्षे वाजवत आले आहेत. त्यांना मी १९२४ सालचे ‘सी सी रायडर’ ऐकवले. यात कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यावर, पुढे जॅझमध्ये गाजलेला तरुण लुई आर्मस्ट्राँग आहे आणि गाण्याची प्रत्येक ओळ संपली की तो तिला उत्तर देतो. इंग्रजीचा गंध नसलेल्या या गृहस्थांनी डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरत दोनदा ऐकले आणि म्हणाले, “भाऊ, बाई ठेक्याच्या मागं ऱ्हातीया, पर सुटत न्हाई.” तिच्या गाण्याविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही. शब्द ओढून धरणे, मध्येच तो हुंकारात विरघळू देणे आणि तरीही समेवर न चुकणे, हे कसब खुल्या आवाजात लावणी गाणाऱ्या कोणत्याही जाणत्या बाईला उमगेल.

दुर्दैव असे की ज्या कंपनीने तिला ध्वनिमुद्रित केले, तिचा मूळ धंदा खुर्च्यांचा होता. विस्कॉन्सिन चेअर कंपनी ग्रामोफोनची लाकडी कपाटे बनवत असे आणि त्यातूनच ती तबकड्यांकडे वळली. तबकड्यांची लाख हलक्या प्रतीची, मुद्रण बेताचे. सुरुवातीची अनेक वर्षे तर मायक्रोफोनही नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचे. पुढे धातूचे मूळ साचे बहुतांशी भंगारात गेले. म्हणजे आजचे प्रत्येक पुनर्प्रकाशन हे कोणाच्या तरी घरी वाजून वाजून झिजलेल्या तबकडीवरूनच केलेले असते.

यामुळेच मला अतिस्वच्छ केलेल्या आवृत्त्या रुचत नाहीत. खरखर आणि मा रेनीचा घोगरा आवाज पुष्कळ वेळा एकाच पट्टीत असतात. खरखर पुसायला जावे तर आवाजाची धारही तिच्याबरोबर जाते आणि उरते ते दुसऱ्या खोलीतून ऐकू आल्यासारखे काहीतरी. डॉक्युमेंटच्या तबकड्यांवर खरखर भरपूर आहे, पण पाचएक मिनिटांत कान सरावतो.

नव्या श्रोत्याने मात्र कालक्रम पाळू नये, असे मी सुचवेन. आरंभ १९२८च्या ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’पासून करावा. त्याच्या जाहिरातीत मा रेनी पुरुषी टोपी, कोट आणि टाय घालून दोन स्त्रियांशी बोलत उभी आहे आणि दूरवरून एक पोलीस टेहळणी करतो आहे. गाण्यातही ती स्त्रियांच्या संगतीविषयीची कुजबुज उघडपणे अंगावर घेते आणि जमेल त्याने सिद्ध करून दाखवावे, असे बजावते. साथीला जग (तोंडाशी धरून फुंकायचा मोठा बुधला) आणि वॉशबोर्ड (कपडे घासायची खाचांची फळी) यांसारखी घरगुती वाद्ये असल्याने कोणी ते गमतीचे गाणे समजेल. त्याच वर्षी तिचा बाज जुना झाला म्हणून पॅरामाउंटने तिला निरोप दिला, ही गोष्ट हे गाणे ऐकल्यावर मला तरी पटत नाही.