मामा, सेव्ह कुठे करायचं?

व्हिडिओ गेम पार्लरमधलं जुनं मशीन दुरुस्त केलंय, त्यावर भाचा खेळत होता. पहिल्याच बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या खलनायकापाशी, तो खेळात मेला आणि स्क्रीनवर आकडे उलटे धावायला लागले. खेळ कॅपकॉमचा, १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. म्हणजे, त्यातल्या एका हिरोच्या नावावरून, आपला मुस्तफा.

"सेव्ह नसतं रे. आकडे संपायच्या आत रुपया टाक!"

रुपया कोणाकडे? सगळ्यांचे पैसे फोनमध्ये. शेवटी बहिणीच्या पर्समध्ये एक निघाला. टाकला, तर खळ्‌कन खालून परत! कॅबिनेटचं प्लाय बदललं, जॉयस्टिकचे मायक्रोस्विच बदलले, पण नाण्याचं यंत्र जुनंच. त्याला २५ मिलिमीटरचा रुपया लागतो आणि २०११ पासून रुपया लहान झालाय.

पार्लरमध्ये ते शेवटचे आकडे पळताना आम्ही अनोळखी पोरांकडेही उसना रुपया मागायचो. मिळायचाही.

नाण्याशिवाय खेळता यावं म्हणून फ्री-प्लेचं बटण बसवता येईल, पण मन होत नाही. जुने मोठे रुपये पडलेत का कुणाकडे?