कोणते जोशी?

खालून हाक आली, "जोशी, पार्सल!" आणि तीन मजल्यांवर तीन खिडक्या उघडल्या.

मुलुंडच्या आमच्या इमारतीत जोशी तीन. पहिल्या मजल्यावर मी. दुसऱ्यावर चिपळूणकडचे, त्यांची मुलगी पवईला कॉम्प्युटर शिकते. तिसऱ्यावर जोशीभाई, मूळचे भावनगरचे. पार्सलवाल्या पोराने पाकीट उलटसुलट केलं आणि वर बघून म्हणाला, "एस. जोशी लिहिलंय." झालं! माझं नाव एस, त्या मुलीचं एस, जोशीभाईंचंही एस. देवनागरीत स आणि श निदान वेगळ्या दारात उभे राहतात. इंग्रजीतला एस दोघांना एकाच बाजेवर झोपवतो. मी सगळ्यात खाली राहतो, म्हणून पार्सल माझं ठरलं.

उघडलं तर स्पायरल बाइंडिंगचा जाडजूड गठ्ठा. वर लेखकाचं आडनाव जोशी आणि मथळ्यात 'ग्रामर'. मला वाटलं, हे शि. द. जोशी असणार. पतंजलीचं महाभाष्य इंग्रजीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं बसलेले पुण्याचे वैयाकरण. पण आत एक सूत्र दिसेल तर शपथ. पानोपानी फांद्या फुटलेली उलटी झाडं, मूळ वर आणि शेंडे खाली.

आता शि. द. जोशी हे नाव मला ठाऊक असायचं खरं तर काही कारण नाही. संस्कृत मी शंभर मार्कांपुरतं केलं आणि सोडलं. पण जोशी आडनावाचा माणूस छापलेला दिसला की तो काय करतो ते बघायची मला खोड आहे, आणि ती लागली डिलाईल रोडला.

आमचं बिऱ्हाड तिथे होतं. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, पण बसच्या कंडक्टरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी डिलाईल रोडच. शाळेत एकाने विचारलं, रस्ता तुझ्या आजोबांच्या नावाचा का रे? मी बेधडक हो म्हणालो. घरी बाबांना कळलं तेव्हा त्यांनी कान पिळला नाही, नुसतं सांगितलं: ते नारायण मल्हार. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली, १९२० साली आयटक ही कामगार संघटना उभी राहिली तेव्हाही ते त्यात होते. "आपले काही लागत नाहीत," बाबा म्हणाले, "पण नाव घेतलंयस तर वाचत तरी जा."

म्हणून मी जवळच्या एका ग्रंथालयात जायला लागलो. तिथे कार्डांचं लाकडी कपाट होतं. लांबट खण ओढायचा, की आतून जुन्या पुठ्ठ्याचा आणि किंचित झुरळांच्या गोळ्यांचा वास. कार्डं पळवू नयेत म्हणून तळाशी भोकांतून लोखंडी सळई ओवलेली. लेखकांच्या खणात आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. 'जोशी' सुरू झाला की संपता संपत नसे. वरच्या कडा बोटं लागून काळ्या पडलेल्या.

पुस्तकांच्या फडताळात ही माणसं एकमेकांना कधीच भेटली नसती. तिथे विषयवार रचना, धर्म एका भिंतीला आणि विनोद दुसऱ्या. खणात मात्र तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि पंडित महादेवशास्त्री जोशी पाठीला पाठ लावून. हे शास्त्री, तेही शास्त्री; यांचा धर्मकोश नि विश्वकोश, त्यांचा भारतीय संस्कृतिकोश. मी बरीच वर्षं दोघांना एकच समजत होतो आणि एका माणसाला इतके कोश कसे झेपले याचं नवल करत होतो. त्यांच्या आधी चिं. वि. जोशी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ मला पाठ होते, दूरदर्शनवरही पाहिले होते. त्यांच्याच नावाच्या पुढच्या कार्डावर पाली भाषेतलं काहीतरी होतं. हे दुसरे कुणी असणार अशी माझी खात्री. ग्रंथपाल म्हणाले, "तेच ते. बडोद्याला पाली शिकवायचे." मला आजही हे भारी वाटतं. बौद्ध ग्रंथांत दिवस घालवायचा आणि संध्याकाळी चिमणरावाची फजिती लिहायची!

कुणी म्हणेल, यात काय मोठंसं, जोशी तर पोतंभर. खरंच आहे. ज्योतिषी झिजून जोशी झाला, आणि पंचांग सांगणारा जिथे जिथे होता तिथे तिथे जोशी झाले. कोकणात झाले, कुमाऊंत झाले, गुजरातेत झाले. दारोदार फिरून भविष्य सांगणारे कुडमुडे जोशीही त्याच शब्दाचे धनी. आडनाव एक म्हणजे घराणं एक, असं अजिबात नाही. जोशीभाई तर मला सुनावतात, "उमाशंकरभाई अमारा," आणि गुजराती कवी उमाशंकर जोशींना मिळालेलं १९६७ चं ज्ञानपीठ जणू त्यांच्याच फ्लॅटमध्ये आलं होतं अशा थाटात चहा पाजतात.

घोटाळे व्हायचेच. संपाच्या काळातली गोष्ट. १९८२ च्या जानेवारीपासून गिरण्या बंद. बाबा गिरणीत टाइमकीपर, ते घरात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं नाव तेव्हा गाजत होतं. बाबांनी मला चिठ्ठी दिली: शरद जोशी, मिळेल ते. काउंटरवरच्या माणसाने बघून न बघितल्यासारखं करत एक पुस्तक पुढे सरकवलं. घरी बाबांनी उघडलं तर हिंदी! ते शरद जोशी उज्जैनचे, व्यंग्यकार. बाबांनी कांद्याच्या भावासाठी कंबर कसली होती, हातात आल्या सरकारी बाबूंच्या नकला. परत करायला पाठवतील म्हणून मी चपला घालून उभा. ते म्हणाले, "थांब जरा," आणि जेवणाची वेळ होईपर्यंत वाचत बसले. मधूनच एकटेच हसत होते. आई स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली.

या दोघांना आद्याक्षराचाही उपयोग नाही, कारण नावच एक. तिथे कार्डावर जन्मसाल लागतं: एक १९३१, एक १९३५. याहून अवघड जागा जी. व्ही. जोशींची. इंग्रजी तळटीपेत हे नाव आलं की मी थबकतो. गणेश वासुदेव म्हणजे सार्वजनिक काका, १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा काढणारे वकील. गणेश व्यंकटेश म्हणजे शाळामास्तर, जमीनमहसूल आणि सरकारी खर्चाचे आकडे मांडून त्याच सभेच्या त्रैमासिकात लिहिणारे. वा आणि व्यं, दोन्ही एका व्हीत गेले. शिवाय सभाही एकच. हे मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

असले योगायोग जुळवत बसायला मला आवडतं, कामाचे नसले तरी. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात कारकून. शेतकऱ्यांचे शरद जोशीही आधी टपाल खात्यातच, तिथून बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत गेलेले. आणि तरी जोशांचं पार्सल चुकीच्या दारात जातं.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. मुलीने दार उघडलं.

"सॉरी हं, मी फोडलं. मला वाटलं पाणिनीचं काही आहे."

"नाही हो काका, हे अरविंद जोशी." पुण्यात १९२९ साली जन्मलेले, पुढे फिलाडेल्फियाला पेन्सिल्वेनिया विद्यापीठात प्राध्यापक. कॉम्प्युटरला वाक्यरचना कळावी म्हणून त्यांनी एक व्याकरण मांडलं. तिने माझ्याच पाकिटाच्या पाठीवर पेनाने काढून दाखवलं. 'राम आंबा खातो' हे एक झाड. 'रोज' हे दुसरं, इवलंसं. मोठ्या झाडाची फांदी मधेच उकलायची, 'रोज' आत बसवायचा, सुटलेला भाग त्याच्याखाली परत लटकवायचा: 'राम आंबा रोज खातो'. "बघा, आधीचं काही मोडलं नाही."

मी म्हटलं, फिलाडेल्फिया म्हणजे आनंदीबाईंचं गाव. १८८६ साली त्या तिथेच डॉक्टर झाल्या, आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. वर्षभरात गेल्या, बावीसही पुरी नव्हती. मुलगी पेन धरून गप्प बसली. ती स्वतः एकवीसची आहे.

मग एकदम काही आठवल्यासारखी उठली आणि फ्रिजवरून एक उघडं पाकीट घेऊन आली.

"काका, तुमचा रक्ताचा रिपोर्ट वर जोशीभाईंकडे गेला होता. त्यांनी आणून दिला. साखर वाढलीय म्हणत होते, आता चहा फिका पाजणार आहेत."