उघड्यावर बसताना: डास, गोमाश्या आणि मधमाश्या

उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर झाडाखाली खुर्ची टाकून बसणे ही माझी वर्षानुवर्षांची आवड आहे, आणि तितकीच वर्षे चावणाऱ्या किड्यांनी ती संध्याकाळ अर्ध्यावर मोडायला लावली आहे. डास, चिलटे, गोमाश्या, गांधीलमाश्या या सगळ्यांना मी सरसकट ‘किडे’ म्हणत असे आणि सगळ्यांवर चालेल असा एकच उपाय शोधत असे. असा उपाय अस्तित्वातच नाही, हे मला फार उशिरा उमगले, कारण यांपैकी प्रत्येक जण आपल्याकडे वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या खुणेवरून येतो.

डासांमध्ये फक्त मादी चावते, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग काढत ती दुरून येते आणि जवळ आल्यावर शरीराची ऊब व घामाचा वास यांवरून नेमकी जागा हेरते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास प्रामुख्याने दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या काही तासांत चावतो, तर मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. त्यामुळे ‘दिवेलागणीनंतर मलम लावू’ हा माझा जुना नेम मुळातच अपुरा होता.

अंगाला लावण्याच्या औषधांबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात. डीट हे डासांना दूर ठेवणारे रसायन अमेरिकेच्या कृषी खात्याने १९४४ मध्ये सैन्यासाठी विकसित केले आणि १९५७ पासून ते सर्वसामान्यांना मिळू लागले. बाटलीवरची टक्केवारी जितकी जास्त तितके औषध जालीम, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात टक्केवारी वाढली की परिणाम टिकण्याचा काळ वाढतो, आणि ५० टक्क्यांच्या पुढे तोही फारसा वाढत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे औषध जिथे लावले आहे तेवढ्याच जागेचे रक्षण करते. एका संध्याकाळी मी हातांना आणि मानेला व्यवस्थित औषध चोळून बसले होते, आणि घरात आल्यावर पाहिले तर मोज्याची वरची कड आणि पायजम्याची खालची कड यांच्यामध्ये उघड्या राहिलेल्या बोटभर पट्टीवर ओळीने सात गांधी उठल्या होत्या. हातावर एकही नव्हती.

उन्हापासून बचावाचे क्रीम लावायचे असेल तर ते आधी आणि डासांचे औषध नंतर लावावे, कपड्यांनी झाकलेल्या त्वचेवर लावू नये आणि घरात परतल्यावर साबणाने धुऊन टाकावे. दोन महिन्यांच्या आतील बाळांना डीट मुळीच लावू नये; त्यांच्यासाठी बारीक जाळीची मच्छरदाणी हाच मार्ग. डीटने प्लॅस्टिक विरघळते, हे मला दुर्बिणीने शिकवले: औषधाच्या ओल्या बोटांनी ती धरली आणि तिच्या काळ्या आवरणावर माझ्या अंगठ्याचा चिकट ठसा कायमचा उमटला. तेव्हापासून मी पिकारिडिन असलेले औषध वापरते, जे डासांवर तितकेच प्रभावी असून प्लॅस्टिकला अपाय करत नाही.

पंख्याची मात्र पुरेशी दखल कोणीच घेत नाही. डास हा दुबळा उडणारा जीव आहे. पायांच्या रोखाने ठेवलेल्या साध्या पंख्याच्या झोताविरुद्ध त्याला नीट उडता येत नाही, शिवाय आपल्या उच्छ्वासाचा मागही त्या वाऱ्याने विस्कटतो. याउलट निळ्या प्रकाशाच्या विजेच्या सापळ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा सापळ्यांत मेलेले १३,७८९ किडे मोजले गेले, आणि त्यांत चावणारे अवघे ३१ होते. बाकीचे निरुपद्रवी होते, कित्येक तर उपयोगी होते, आणि त्यांचा असा नाहक जीव जावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोमाशी डोळ्यांच्या भरवशावर शिकार शोधते. गडद रंगाची, हलणारी वस्तू तिला खेचते, आणि तिचे मुखावयव पात्यासारखे कातडी कापतात, म्हणून तिचा चावा त्याच क्षणी झोंबतो. तिच्यापुढे अंगाला लावायची औषधे बरीच लंगडी पडतात. फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे अधिक उपयोगी ठरतात.

मधमाशी आणि गांधीलमाशी आपल्या शोधात येतच नाहीत, त्या गोड पेयाच्या शोधात येतात. पेल्यावर झाकण ठेवावे आणि हात झटकू नयेत, एवढ्यावर बहुतेक प्रसंग टळतात. माझ्या पुतणीच्या बोटाला मधमाशी डसली तेव्हा मी पहिल्यांदाच जवळून पाहिले की काटा बोटात रुतून बसला होता आणि त्याला चिकटलेली विषाची इवलीशी पिशवी अजून धडधडत होती. मधमाशी उडून गेली तरी ती पिशवी विष आत ढकलत राहते, म्हणून काटा कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. मी तो नखाने खरवडून काढला, तिला लगेच तिथून दूर नेले, कारण डंखाच्या वासाने इतर माश्या चवताळतात, आणि थंड पाण्याची पट्टी ठेवली. घसा किंवा जीभ सुजली, धाप लागली किंवा चक्कर आली तर मात्र घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

राहिला प्रश्न डासांच्या पैदाशीचा. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून मी आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या ताटल्या आणि बादल्या रिकाम्या करते, आणि नुसते पाणी ओतून न थांबता त्यांच्या कडा ब्रशने घासते, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरून, पुन्हा पाणी चढताच उबतात.