तुम्ही विचारलंत म्हणून: एअर होस्टेस व्हायला गोरं असायला लागतं काय?

गणपतीला बेळगावात वडगावला घरी आले की गल्लीतल्या काकू, मामी, त्यांच्या पोरी, सगळ्यांचं एकच, "केबिन क्रूमध्ये घेताना काय बघतात ग, गोरं असायला लागतं काय?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

रंग नाही बघत. उंची बघतात, कारण इमर्जन्सीचं सामान वरच्या कप्प्यातपण असतं, तिथं हात पोचायला पाहिजे. दुबईच्या एमिरेट्स कंपनीवाले तर टाचा उचलून हात 212 सेंटीमीटरपर्यंत जातोय का बघतात. बारावी पास लागते, युनिफॉर्ममध्ये दिसणारा टॅटू शक्यतो नको. इंग्लिश फाडफाड नसलं तरी समोरच्याला कळलं म्हणजे झालं. ग्रुप डिस्कशनला जास्त बडबडणारीला घेतात असं काही नाही, दुसरीचं ऐकून घेते का मध्येच तोडते हे बघत असतात. आणि भाषा, यात आपल्या पोरी पुढंच, घरात मराठी, बाजारात कन्नड, घाबरलेल्या म्हातारीला "अज्जी, अंजब्याडरी" (आजी, घाबरू नका) म्हटलं की ती हात धरूनच बसते.

ट्रेनिंगमध्ये मेकअप, केस बांधणं हे पटकन उरकतं. बाकी सगळं आग, धूर, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरणं, सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं), आणि ओरडणं! खरंच, ओरडायला शिकवतात. मोठ्या विमानाला मंजुरी मिळायच्या आधी अर्धीच दारं वापरून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं, मग दार उघड, स्लाइड (बाहेर पडायची घसरगुंडी) फुगली का बघ, "सामान सोडा, इकडं या" परत परत, घसा बसेपर्यंत. घरी जन्मभर "पोरीच्या जातीनं हळू बोलावं" ऐकलेल्या इथंच अडकतात. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, आतली अनाउन्समेंट सिस्टीम बंद पडली, क्रूनं मेगाफोन घेऊन आणि ओरडून 379 च्या 379 माणसं जिवंत बाहेर काढली. चहा-सँडविच द्यायला कोणपण चालेल हो, कंपनी पगार देते तो यासाठी.

आपल्याकडं नियम 50 सीटला एक क्रू, म्हणजे इंडिगोच्या 78 सीटच्या छोट्या एटीआर विमानामध्ये दोघीच, हे सगळं दोघींनीच करायचं.

आणि काकू, लाखभर फी घेणाऱ्या इन्स्टिट्यूटचं विचारत होता ना, तो डिप्लोमा सक्तीचा नाही, निवड झाल्यावर कंपनी स्वतःचं ट्रेनिंग देतेच. इंटरव्ह्यूला बसवतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ उठून घरी या. त्यापेक्षा पोरीला आधी पोहायला घाला, काही कंपन्या ते विचारतात.