जाळी उतरली आणि भिंतीचं कोनफळ झालं

मी रंगकामाची कॉन्ट्रॅक्ट घेतो, दादर-माटुंगा बाजूला जास्त. चिडलेली गिऱ्हाईकं काय नवीन नाहीत, पण काम होऊन नऊ दिवसांनी "अरे भिंतीचा रंग बदलला" असा फोन पहिल्यांदाच आला.

माटुंग्याच्या एका काकूंची बेडरूम. त्यांना हवा होता फिका, जरा राखाडीकडे झुकलेला जांभळा, शेडकार्डवाले त्याला लायलॅक म्हणतात, काकू म्हणाल्या वांग्याच्या फुलासारखा पण धुतलेला. बरोब्बर तोच होता. पुट्टी, प्रायमर झाल्यावर मी भिंतीवर चार पॅच मारले, त्यांच्या मनातला पॅच वाळल्यावर चक्क सिमेंट दिसत होता. मग एक शेड गडद घेतला, अजून एक गडद, तेव्हा कुठे जांभळा जाणवला. काकू खूश, दोन हात मारले, पैसे घेतले, निघालो.

फोन आल्यावर गेलो तर दारातच म्हणाल्या, "बघ, कोनफळ झालंय नुसतं." खोटं नव्हतं हो. आधी वाटलं दुकानात रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनने घोळ घातला असेल, पण डब्यावरचा कोड बरोबर होता आणि उरलेला रंगही तोच. पेंटर म्हणाला ओल असेल, ती पण नव्हती. बल्ब बदलून बघितले, पिवळ्या वॉर्म व्हाइटमध्ये गुलाबीकडे जात होता, पांढऱ्या ट्यूबमध्ये जरा निवत होता, पण भर दुपारी बल्ब बंद असतानाही कोनफळच.

शेवटी मोबाइलमधले पॅचचे फोटो काढले आणि डोक्यात प्रकाश पडला. फोटोत काकूंचं पांढरंशुभ्र कपाट पेपरमिंटच्या गोळीसारखं हिरवट दिसत होतं. बिल्डिंगचं रिपेअरिंग चालू होतं ना तेव्हा! बाहेर परांची आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी, ती फोन आला त्याच आठवड्यात उतरली होती. म्हणजे खोलीत येणारा उजेडच हिरवा, आणि जांभळा रंग जगतो लाल आणि निळ्यावर, तेच कमी आलं तर तो राखाडीच दिसणार. आपले डोळे पण शहाणे, दहा मिनिटं खोलीत बसलं की हिरवटपणा विसरून जातात, म्हणून ना मला कळलं ना काकूंना. हिरव्या भिंतीला एवढं काही झालं नसतं, नेमका तिच्या उलट्या रंगातच मी सापडलो.

काकूंचा विश्वास बसेना. खाली कंपाउंडला जाळीचे तुकडे पडलेले, त्यातला एक आणून खिडकीवर धरला आणि भिंत डोळ्यांसमोर विझली. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला.

मग तोच सिमेंटवाला पहिला शेड आणला, मटेरियल माझं, मजुरी अर्धी अर्धी. गडद रंगावर फिका चढवायचा म्हणून आधी प्रायमरचा एक हात जादा गेला. आता सकाळी वांग्याचं फूल, संध्याकाळी जरा धुरकट, हवं होतं तसंच.

उरलेला कोनफळी रंग काकूंनी गॅलरीतल्या कुंड्यांना फासला. म्हटलं काकू हा आतल्या भिंतींचा रंग आहे, पावसात टिकणार नाही. तर म्हणतात, "नाही टिकला तर नाही, पैसे दिलेत मी त्याचे."