सोळाव्या दिवशी पोटात हललेले पाणी

दुसऱ्या बाळंतपणात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दुरावले, ते ७ वर्षे व्यायाम करूनही पुन्हा जवळ आले नाहीत, म्हणून गेल्या डिसेंबरात मी टमी टकची, म्हणजे पोटाची सैल त्वचा काढून स्नायू जवळ शिवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. महिना मुद्दाम निवडला होता, कारण त्यानंतर रात्रंदिवस घालावा लागणारा घट्ट पट्टा नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात मला सोसवला नसता.

वाकून चालणे, साचणारा द्रव बाहेर काढणाऱ्या कुशीतल्या ड्रेनच्या नळ्या, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंतचा टाका, हे सारे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते नळ्या काढल्यानंतर, सोळाव्या दिवशी घडले. कूस बदलताना बेंबीखाली काहीतरी हलले, आणि एका बाजूला बोटाने हलकेच दाबले तर दुसऱ्या बाजूला लाट उमटली. आई म्हणाली की सूज असेल, बाळंतिणीसारखे पोट आणखी घट्ट बांधू. तिचा काळजीपोटी दिलेला सल्ला मोडवत नव्हता, तरी मी त्याच संध्याकाळी धंतोलीतल्या डॉक्टरांना फोन केला आणि ते योग्यच झाले. या शस्त्रक्रियेत त्वचा व चरबीचा थर स्नायूंवरून उचलून पुन्हा खाली ओढून शिवतात. मधल्या पोकळीत पाझरणारा द्रव साचला की त्याला सेरोमा म्हणतात. डॉक्टरांनी सिरिंजने पिवळसर पाणी काढले. त्या जागेची त्वचा बधिर असल्यामुळे सुई टोचल्याचे मला जाणवलेही नाही, आणि खरे सांगायचे तर त्या न जाणवण्याचीच मला अधिक भीती वाटली. पुढे आणखी तीनदा पाणी काढावे लागले, दर वेळी आधीपेक्षा कमी.

सकाळी सपाट असलेले पोट संध्याकाळी फुगते, हेही कोणी सांगितले नव्हते. टाक्याच्या वरच्या भागातील लसिका, म्हणजे पेशींभोवती पाझरणारा द्रव, एरवी जांघेकडे वाहून जाते. तो मार्ग कापला गेल्यामुळे नवे मार्ग तयार होईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, सूज येत-जात राहते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिवसभर उभी राहिले, त्या रात्री पट्ट्याच्या हुकांचे खोल वळ उठले होते.

बेंबीच्या वर दोन बोटांवर असलेला माझा तीळ आता बेंबीच्या खाली आहे. बेंबी आपल्या देठाशी जागच्या जागी राहते, तिच्यासाठी ओढून घेतलेल्या त्वचेत नवे छिद्र पाडतात, आणि वरची त्वचा मात्र खाली येते. हे कारण कळेपर्यंत आरशातले पोट मला परके वाटत असे. त्या काळात थंडीने कुडकुडताना बहिणीने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, तेव्हा डॉक्टरांनी ती सक्त मना केली, कारण बधिर त्वचा भाजली तरी कळत नाही.

ही शस्त्रक्रिया केलेल्या मैत्रिणींना एवढे आवर्जून सांगते की संध्याकाळच्या सुजेला धीर पुरतो. पण ताप, पसरणारा लालपणा, एकाच बाजूला वाढणारा फुगवटा किंवा जखमेतून येणारा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर रात्र असली तरी थांबू नये, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.

आता पाचवा महिना चालू आहे. परवा अंघोळ करताना तिळाच्या आसपास पाण्याची ऊब पहिल्यांदा कळली.