ठकीचं लग्न

माझ्या ठकीला हात नाहीत. म्हणजे आहेत, पण सुटे नाहीत. लाकडी बाहुली ती, एकाच ठोकळ्यातून अख्खी कोरलेली. हात पोटाशी चिकटलेले, पाय लुगड्यात गडप, डोळे मात्र कानापर्यंत. मी पाच वर्षांची असताना आजोबांनी ती सावंतवाडीच्या चितारआळीतून आणली. पांगाऱ्याचं लाकूड, त्यामुळे वजनाला काहीच नाही. (पांगाऱ्याचं झाड काटेरी, हात लावायला नको वाटणारं, पण कोरायला मऊ, म्हणून चिताऱ्यांच्या आवडीचं.) त्याच आळीतून लाकडी फळंही घरी यायची. त्यातल्या पेरूवर माझ्या धाकट्या भावाचे दात अजून दिसतात.

मे महिन्यात आजोळी गेलं की ठकीचं लग्न लागायचं. नवरा मामेबहिणीचा: जुन्या धोतराच्या चिंध्यांचा, कोळशाच्या मिशांचा. मामाचा रुमाल अंतरपाट व्हायचा, अबोलीच्या मुंडावळ्या असायच्या. पंगतीला चुरमुरे-गूळ आणि भातुकलीच्या पितळी टोपात आजीने घातलेला मूठभर खरा भात. मंगलाष्टकं कुणालाच पुरती येत नसत; 'सावधान' तेवढं सगळे बेंबीच्या देठापासून ओरडायचे.

पण मला लग्नापेक्षा त्याआधीची बैठक जास्त आठवते. मामेबहीण ओढणीचा पदर खोचून ओटीवर बसायची आणि 'आमच्या मुलाला घड्याळ हवं' म्हणायची. विहीणबाईंचा मान म्हणून माझ्या दोन नव्या रिबिनी गेल्या. आठ-नऊ वर्षांच्या आम्ही, हे कुठून उचललं ते सांगायला नकोच. एका वर्षी मी मुलाकडची झाले, तर खीर पातळ झाली म्हणून भर पंगतीतून उठून माडाखाली रुसून बसले. मोठ्यांनी काय कौतुक केलं माझं! 'अगदी हुबेहूब!' आता आठवलं की हसू येतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होतं.

खरी कटकट वरातीनंतर. ठकीने सासरी जायचं, म्हणजे मामेबहिणीच्या पत्र्याच्या पेटीत. मी काही तिला सोडीना. आजी विळीवर कैऱ्या चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अगो, चेडू धाडूचा नाय तर लगीन कित्याक लावलंस?"

मी भोकाड पसरलं. शेवटी ठरलं, तिसऱ्या दिवशी माहेरपणाला आणायची. आणली, ती परत पाठवलीच नाही. मामेबहीण दोन दिवस तणतणली. आजीने मात्र त्यावर चकार शब्द काढला नाही. तिचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं, आणि पहिलं माहेरपण मिळालं ते दीड वर्षाने. हे आईने मला सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आजी नव्हती.

आता ठकी पुण्यात, माझ्या लेकीच्या कपाटात. लेकीकडे गॅस, कुकर, मायक्रोवेव्ह असलेला प्लॅस्टिकचा संसार आहे, पण स्वयंपाक फारसा होत नाही. 'ऑर्डर केलंय' म्हणते. लग्नं तर कुणाची लागतच नाहीत. बाहुल्या पुठ्ठ्याच्या लॅपटॉपसमोर ओळीने बसलेल्या असतात आणि लेक मला ओठांवर बोट ठेवून गप्प करते: मीटिंग चालू आहे. तो हावभाव कुणाचा, हे नवऱ्याने लगेच ओळखलं. माझ्याकडे बघून नुसता हसला.

परवा बघितलं तर ठकी सगळ्यांच्या समोर, डब्यावर उंच बसवलेली. म्हटलं, हिला लॅपटॉप नाही का?

"हात कुठेत तिला?" लेक म्हणाली. "ती बॉस आहे."